पथ्य

रायबंदरच्या माझ्या दवाखान्याच्या खिडकीतून
फेरीधक्का दिसतो, पलीकडे चोडणचा हिरवा काठ.
सुफला गावस तिथूनच येते,
दर बुधवारी, नऊ वीसच्या बोटीने,
आणि आल्यावर बसत नाही.
खुर्चीची पाठ धरून उभी राहते.
बसलं की पोट कापतं, म्हणते.

दुर्बीण झाली, सोनोग्राफी झाली,
रक्ताच्या नळ्या पणजीला जाऊन आल्या.
सगळीकडे एकच शब्द: सामान्य.
तो तिने असा वाचला
जणू कुणी तोंडावर खोटारडी म्हटलंय.

खोटं नाही, सुफला.
चार घास पेज, आणि दुपारपर्यंत पोट
घुमटावरच्या कातड्यासारखं ताणलेलं,
हे मी मानते.
आधी मानते, मग बाकीचं बोलते.
हा क्रम शिकायला मला फार वर्षं लागली.

"मग पथ्य लिहून द्या ना.
गहू बंद करू? दूध सोडलंच आहे.
नारळ जड जातो. डाळ नकोच. सुंगटं तर..."
एकेक बोट मिटत जातं
आणि दर बोटागणिक तिचा आवाज हलका होतो,
घरातलं सामान कुणी एकेक करून
अंगणात आणून ठेवावं तसा.

माझं पेन उघडंच.

एकदा मी लिहून दिलं होतं.
दिवाडीची लिझेट, वय एकोणीस.
तेव्हा माझ्याकडे छापील कागद असायचा,
'टाळा' या शब्दाखाली बावीस ओळी,
मी खुणा करायचे, सही ठोकायचे.
तिने तो सायबिणीच्या तसबिरीमागे जपला.
ताट पुढे आलं की म्हणायची,
दोतोरांनीच सांगितलंय.
तिची आई मला पुढे बांबोळीच्या व्हरांड्यात भेटली.
काही बोलली नाही. कागद परत दिला.
घडीवर इतका झिजलेला
की 'टाळा'मधून पलीकडची ट्यूबलाइट दिसत होती.

"इकडे ये," मी सुफलाला खिडकीशी नेते.
"समज, धक्क्यावर माणसं यायचीच थांबली.
आधी फेऱ्या कमी होतील. मग खलाशी घरी.
इंजिन गार, दोरखंडाला शेवाळ.
आणि एक दिवस अचानक बाराजण आले,
बोट हलेना, ते तिथेच तुंबले.
दोष त्या बाराजणांचा का?"

ती बघत राहते.
"मग काय करायचं?"

"रिकामी असली तरी वेळेवर सोडायची.
रोज. भूक लागो न लागो."

"रविवारी तिचं इंजिन मध्येच बंद पडलं होतं,
तुम्हाला ठाऊक नाही," ती म्हणते.
"तासभर होतो आम्ही पाण्यात."

खरं आहे. मला ठाऊक नव्हतं.

मी एक गोळी लिहिते, जेवणाआधीची.
गरम पाण्याची पिशवी लिहिते.
आहारतज्ज्ञाचं नाव, मानसोपचाराची वेळ,
त्या नावापाशी ती मान फिरवते.
उकड्या तांदळाची पेज लिहिते, मिसकुटाची फोड घालून.
फुगेल, हेही लिहिते. काही आठवडे फुगेल.
दुखणं म्हणजे बिघडणं नव्हे, हे लिहून
खाली रेघ मारते.

पर्समधून ती चूर्णाची डबी काढून टेबलावर ठेवते.
जाताना परत उचलते.
मी पाहते.
पुढच्या बुधवारी विचारीन.

अकराव्या बुधवारी ती बसली.
पोट अजून दुखत होतंच,
फक्त तिने ते खुर्चीत बसून सांगितलं.
मग म्हणाली, काल पोदेर दारात आला,
पोई गरम होती, म्हणून खाल्ली.
एवढंच. म्हणून.

केसपेपरवर त्या दिवशी काय नोंदवावं सुचेना.
निदानाच्या रकान्यात तारीख घातली
आणि खाली लिहिलं:
पोई. गरम.